आठव्या पानावरचं उत्तर

टेबलावर चार चित्रं मांडलेली आणि त्यांच्यापुढं हातानं लिहिलेली पाटी – ‘विक्रीसाठी नाही’.

“विकायचं नाही, तर टेबल कशाला मांडलंय? हवा खायला?” आयला नीमी नावाच्या तरुणीनं विचारलं.

टेबलामागच्या तरुणानं मान वर केली. तपकिरी डोळे, कोपरावर विरलेला स्वेटर, आणि दोन तास कुणीच न फिरकल्यावर येतो तसला चेहरा.

“इथली हवा खाण्यासारखी कुठंय? सकाळपासून नुसतं धुकं बघतोय. आत्ता पहिल्यांदाच काहीतरी बघण्यासारखं आलं.”

आयलानं ऐकू न आल्यासारखं केलं. पण तिचे कान फितूर होते... ते लगेच लाल झाले.

अमेरिकेतल्या डुलुथ बंदरात गोदी कामगारांच्या सभागृहात दर नोव्हेंबरात जुन्या कॉमिकचा मेळा भरतो. लोक छापील अंकांवर तुटून पडतात. आयला मात्र दरवर्षी फक्त मूळ चित्रं बघायला यायची. ज्या जाड कागदावर चित्रकारानं खरोखर हात फिरवला, ते कागद. पोटासाठी ती चित्रांना चौकटी करून देणाऱ्या दुकानात काम करायची, त्यामुळं कागद तिला माणसांपेक्षा लवकर कळायचा. बाहेर सरोवरावरून धुकं चढत होतं, आणि बंदराचा भोंगा मिनिटा-मिनिटाला हंबरत होता.

ती वाकली. इतकी, की नाक कागदाला टेकायचंच बाकी राहिलं.

“वास घेताय?”

“रेघ बघतेय. गप्प बसा जरा.”

तो खरंच गप्प बसला. हे तिला आवडलं.

भुताची गोष्ट होती ती, चाळीस वर्षांपूर्वीची. बुडून मेलेला दीपगृहाचा रखवालदार धुक्याच्या दिवशी बायकोच्या दारावर तीन थापा मारतो, आणि बायको दार उघडत नाही. छापील अंकात स्वस्त रंगांनी सगळ्याचा चिखल केला होता. इथं मात्र शाई जिवंत होती. दाराच्या कडेची रेघ वर केसासारखी बारीक, खाली उंबऱ्याशी येईतो जाड आणि ओली.

“धुकं बघा,” ती पुटपुटली. “किती सुंदर काढलंय ना? म्हणजे... काढलेलंच नाही. धुकं म्हणजे नुसता कोरा कागद. रेघा कडेपर्यंत येतात आणि हात आवरता घेतात. असं थांबायला छाती लागते.”

“माझा काका म्हणायचा, पेन्सिलनं मी घर बांधलं, पण त्यात राहायला आली ती शाई.”

आयला ताठ उभी राहिली. “तुमचा काका?”

“स्टॅन व्हिटेक. ही पेन्सिल त्याची. मी रोमन, त्याचा पुतण्या. ईरीहून पंधरा तास गाडी हाणत आलोय.”

“आणि ही शाई हेल्मी कोस्केलाची,” आयला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मी तिच्या घरात राहते.”

मिस कोस्केला तिची घरमालकीण. आयला वर, मिस खाली, पाच वर्षं. मरण्याआधी मिसनं तिला याच गोष्टीची चार पानं दिली होती. आता आयला खालीच राहायची आणि ती पानं भिंतीवर होती. तिनं रोमनचं एक पान उचलून खिडकीकडं तिरपं धरलं. समासात फिकट निळ्या पेन्सिलीनं काढलेला एक बोटाएवढा माणूस दिसला. डोक्यावर हॅट, हातात बॅग, चेहरा नाही.

तिच्या मानेवर काटा आला. हाच माणूस तिच्या घरी भिंतीवर चालत होता.

“ही निळी पेन्सिल छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही,” रोमन म्हणाला. “म्हणून समासात काहीही लिहिलं तरी चालायचं. दोघं कधी भेटले नाहीत. काका पेन्सिलनं काढून पानं न्यूयॉर्कला प्रकाशकाकडं धाडायचा, तिथून ती शाईनं गिरवायला डुलुथला, तिच्याकडं यायची. चार वर्षं समासातून गप्पा चालल्या. मग या गोष्टीत त्यानं तिला एक प्रश्न विचारला...”

“‘मी डुलुथला येऊ? दार उघडशील?’” आयला म्हणाली.

रोमन पांढराफटक पडला. “तुम्हाला कसं माहीत?”

“कारण तिनं हो म्हटलं होतं! आणि तुमचा तो काका आलाच नाही. विचारून पळाला. भित्रा कुठला!”

“भित्रा? माझा काका?” आता त्याचेही कान लाल झाले. “तिनं उत्तरच दिलं नाही! जन्मभर लग्न केलं नाही त्यानं. दर हिवाळ्यात ही चार पानं काढून बसायचा. तुमची ती बाई दगड होती, दगड!”

“खबरदार, मिसला दगड म्हणालात तर!”

“मग काकाला भित्रा का म्हणता?”

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा अंक चाळायचा थांबून मजा बघू लागला. आयलानं आवाज खाली आणला.

“गेला का तो? तुमचा काका?”

“एप्रिलमध्ये. अकरा तारखेला.” रोमननं पाटी उगाच सरळ केली. “जाताना म्हणाला, पानं डुलुथला ने. म्हणून आलो.”

आयलानं टेबलाची कड घट्ट धरली.

बारा एप्रिलला तिच्या दारावर पहिल्यांदा थाप पडली होती. तीन थापा – सावकाश, अदबीनं. दार उघडलं तर समोर नुसतं धुकं, आणि पायरीवर ओल्या बुटांचे ठसे... दारापर्यंत आलेले. परत गेलेले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक धुक्याच्या दिवशी ते चालू होतं. त्यानंतर आयलानं दार उघडलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. घर सोडावं असं रोज मनात यायचं, पण मिसच्या घरावर जीव जडला होता.

हे सगळं तिनं या परक्या माणसाला एका दमात सांगून टाकलं. रोमन हसला नाही.

“आज धुकं आहे,” तो एवढंच म्हणाला.

“आहे.”

“मी येऊ?” मग तोच दचकला. “म्हणजे... पानं दाखवायला.”

“या. पण काकांसारखं वाटेतून पळायचं नाही.”

वाटेत त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी मेळ्याच्या तिकिटामागं काहीतरी खरडून त्यानं ते तिच्या कोटाच्या खिशात सारलं.

“काय आहे?”

“नंतर वाच. आमच्या घराण्यात तोंडानं विचारायची पद्धत नाही.” ‘वाचा’ऐवजी तो ‘वाच’ म्हणून गेला होता, आणि दुरुस्त करायला काही पुढं झाला नाही.

तिनं वळणावर, त्याची पाठ असताना, वाचलंच. काकाच्याच निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं – ‘उद्या सकाळी निघायचं होतं. थांबू?’

आयलानं तिकीट गुपचूप खिशात परत सारलं, आणि तोंडात मूग धरले. हा तिचा जुना रोग. दोन वर्षांपूर्वी एकानं विचारलं होतं, शिकागोला माझ्याबरोबर येतेस का. उत्तर ठरवायला तिनं तीन आठवडे घेतले. तोवर त्याचं दुसरीकडं जमलंसुद्धा.

घरी तिनं कॉफी ठेवली, वेलदोड्याचा पाव कापला, आणि भिंतीवरची चार पानं उतरवली. दोघांनी मिळून आठही पानं जमिनीवर क्रमानं लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गोष्ट एका ठिकाणी आली.

निळा माणूस पहिल्या पानावर घरातून निघत होता. दुसऱ्यावर रस्ता, तिसऱ्यावर पूल. सातव्या पानावर तो, डोक्यावर तीच हॅट, एका दाराशी हात उचलून उभा होता. आणि आठव्याच्या समासात त्याचा प्रश्न, ठसठशीत अक्षरात. त्याखाली मिसच्या तिरप्या अक्षरात – ‘ये. कॉफी ठेवली आहे.’ आणि एक उघडं दार.

रोमन गुडघे टेकून ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. “हे... हे त्यानं कधी बघितलंच नाही.”

“असं कसं? पानं परत आलीच ना दोघांना.”

“परत आली, पण वाटून. तेव्हाची रीतच होती ती, छापून झालं की पानं पेन्सिलवाल्यात आणि शाईवाल्यात वाटायची. काकाकडं एक, तीन, पाच, सात.”

आयलानं जमिनीकडं पाहिलं. दोन, चार, सहा... आठ.

“प्रकाशकाच्या कारकुनानं विषम पानं त्याला धाडली आणि सम हिला,” ती हळूच म्हणाली. “मिसनं उत्तर प्रश्नाच्या खाली लिहिलं. एकदाच. आम्ही फिनलंडची माणसं, एक गोष्ट दोनदा सांगायची म्हणजे आम्हाला उधळपट्टी वाटते. आणि ते उत्तर फिरून तिच्याच घरी आलं.”

“त्याच्या चार पानांवर तिची एक निळी रेघ नव्हती.” रोमननं कपाळाला हात लावला. “त्याला वाटलं, नाही म्हणाली.”

“हिला वाटलं, त्यानं वाचलं आणि आला नाही. दर धुक्याच्या दिवशी ती दोन कप मांडायची, रोमन. मी विचारलं तर म्हणायची, सवय आहे.”

आयलाला रडू आलं. मिससाठी आलं, त्या भित्र्या नसलेल्या काकासाठी आलं, आणि खिशातल्या तिकिटासाठीही आलं. रोमननं हात पुढं केला, अर्ध्यात थांबला, मग धीर करून तिच्या बोटांवर ठेवला. त्याची बोटं थंड होती.

तेवढ्यात थाप पडली.

एक. दोन. तीन.

खिडक्यांबाहेर सगळं पांढरं झालं होतं; समोरचं घरही दिसत नव्हतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास आला.

“मी बघतो,” रोमन उठू लागला.

“नको.” आयलानं त्याला खाली बसवलं. “तू घरातलाच आहेस त्याच्या. त्याला उत्तर या घराकडून हवंय.”

दारापर्यंतची सात पावलं तिला फार लांब वाटली. कडी बर्फासारखी गार. तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं... नुसतं कुणीच न काढलेलं धुकं, उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं. पण कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं, याची तिला खात्री होती.

“तिनं हो म्हटलं होतं,” आयला म्हणाली. “तेव्हाच म्हटलं होतं. पान चुकीच्या घरी आलं, एवढंच. ये. कॉफी ठेवली आहे.”

काहीच झालं नाही. मग तिच्या गालाजवळून गारवा गेला, आणि जमिनीच्या लाकडी फळीवर ओला ठसा उमटला. मग दुसरा. ठसे सावकाश स्वयंपाकघरात गेले, मिसच्या खुर्चीपाशी थांबले, आणि तिथंच वाळून गेले. बाहेरचं धुकं विरळ होऊन समोरच्या घराचा उजेड दिसू लागला.

मग रोमननं बोटानं सातवं पान दाखवलं. दाराशी उभ्या माणसाच्या डोक्यावर हॅट नव्हती. त्यानं ती काढून छातीशी धरली होती.

“आधीपासून तशीच असेल,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आपण नीट पाहिलं नसेल.”

“मी चौकटी करते. मी नीटच बघते,” आयला म्हणाली.

तिनं मिसच्या जागेसमोर एक कप ठेवला आणि मग, जरा विचार करून, दुसरा. मग खिशातलं तिकीट काढलं. रोमन एकदम पावाचे तुकडे मोजू लागला. टेबलावर त्याची निळी पेन्सिल पडली होती. आयलानं ती उचलली, प्रश्नाच्या खाली टेकवली... अर्धं अक्षर उमटलंही.

तिची नजर जमिनीवरच्या आठव्या पानाकडं गेली. किती सुबक अक्षर होतं मिसचं. त्याचा काय उपयोग झाला?

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“थांब,” ती म्हणाली.

नेमका त्याच क्षणी बंदराचा भोंगा हंबरला आणि तिचा शब्द बुडाला.

“काय?” रोमन घाबरून पुढं झुकला. “काय म्हणालीस?”

तिचे कान पेटले होते. एक गोष्ट दोनदा सांगायची तिच्या सात पिढ्यांत कुणाला सवय नव्हती. भोंगा संपेपर्यंत तिनं वाट पाहिली. मग त्याच्या स्वेटरची विरलेली बाही मुठीत धरून ती मोठ्यानं, अगदी रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“थांब म्हटलं! उद्या थांब, परवा थांब. तू थांबावंस असं मला वाटतंय. ऐकू आलं का?”

“आलं,” रोमन म्हणाला. “पण अजून एकदा सांगितलंस तर चालेल.”

आणि आयलानं तिसऱ्यांदा सांगितलं.