पुढची तारीख

ज्या माणसाच्या हातात सारिकाने अर्ज दिला, त्याच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं आणि एक लाल. सरकारी कारकून ओळखायची याहून खात्रीची खूण मुरबाड तालुक्यात नाही.

"जरा बघता का? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर साहेब मनावर घेत नाय म्हणतात."

बाहेर श्रावणातली सर कामगार कार्यालयाच्या पत्र्यावर वाजत होती. तो बाकाच्या टोकाला बसून मन लावून वाचू लागला. लाल पेनाने त्याने 'मूजोर'चा 'मुजोर' केला, 'अमानूष'चा 'अमानुष' केला.

"इथे 'बस बंद केली' आहे. 'अचानक बंद केली' लिहा. जोर येतो."

"थँक्यू हां! तुमी इथे कधीपासून?"

"साडेदहापासून."

"तसं नाय हो... नोकरीला."

"नोकरीला मी इथे नाही." त्याने अर्ज नीट घडी घालून परत दिला. "कंपनीकडून आलोय. हरेश, एचआर असिस्टंट. तो मुजोर... सध्या मीच."

सारिकाने अर्जाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. पेनाइतके नाही, पण झाले होते.

प्रकरण साधं होतं. एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या डब्यांच्या एका कारखान्याने धसईहून येणारी सकाळची बस बंद केली होती. तिने सारिकासकट चौदा बायका यायच्या. पाळी सातची, आणि पहिली एसटी मुरबाडला पोचायची पावणेआठला. तीन लेट मार्क झाले की एक दिवस गैरहजेरी. कंपनीने बस बंद केली आणि घरचे म्हणू लागले, "घरी बस." मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, या योगायोगाची त्या चौदाजणींना मुळीच गंमत वाटत नव्हती. सारिकाच्या आईने, गुणाबाईने, मुदत दिली होती: गणपतीपर्यंत बस आली नाही तर नोकरी सोडायची.

म्हणून युनियन समेट अधिकाऱ्याकडे गेली. हा सरकारी माणूस दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून भांडण मिटवतो. निकाल देत नाही, तारीख देतो. दर मंगळवारी अकराची वेळ असायची आणि साहेब ठाण्याहून एकला उगवायचे. तोवर कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला ऐतिहासिक संघर्ष चार फुटी बाकावर बसून राहायचा. युनियनचे सेक्रेटरी जयरामदादा पंधरा मिनिटं टिकायचे, मग चहाला जायचे. ते गेले की बाकावर उरायचे पक्षकार क्रमांक एक आणि पक्षकार क्रमांक दोन. साहेब कागदावर त्यांना तसंच लिहीत.

"पक्षकार क्रमांक दोन, भजी घेणार?" दुसऱ्या मंगळवारी हरेशने विचारलं.

"तुमची भजी खाल्ली तर आमचे लोक बोलतील, फुटली."

"मग मी पुडा मध्ये ठेवतो आणि तिकडे बघतो. बेवारस समजून खा."

तिने खाल्ली. तो खरंच तिकडे, सरकारी कॅलेंडरकडे बघत राहिला.

"मिरची नाय यात," ती म्हणाली.

"हा मुद्दा नोंदवून घेतो."

आत गेल्यावर मात्र हरेशचं एकच वाक्य असायचं, "वर विचारून सांगतो." कंपनीचे मॅनेजर कधीच येत नसत. समेट फिसकटवायची ही जुनी रीत आहे: ज्याला अधिकार नाही, त्याला पाठवायचं.

सारिकाचं कामात लक्ष लागेना. मशीनवर डब्यांना झाकणं लावताना बुधवारीच तिला मंगळवार दिसायचा. बस आली पाहिजे... आणि बस आली की मंगळवार संपले. हा हिशेब कुठल्याच बाजूने बसेना. तिने एका डब्याला दोन झाकणं लावली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

चौथ्या मंगळवारी हरेश म्हणाला, "वरून होकार आहे. थांबा कुठे ठेवायचा तेवढं सांगा."

थांबा धसई नाक्यावर. हे धसईतल्या म्हशीनेही सांगितलं असतं. सारिका म्हणाली, "ते... बायकांना विचारावं लागेल. पुढची तारीख द्या."

जयरामदादांनी तिच्याकडे पाहिलं. साहेबांनी तारीख दिली. हरेश नुसता पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला.

त्या संध्याकाळी गुणाबाई पडवीत वाल सोलत होती. आतून सारिकाचं फोनवरचं बोलणं कानावर येत होतं. "बोलणी झालीत दादा, समोरचा पक्ष तयार आहे. मीच तारीख मागून घेतली... मुलगा बरा आहे ओ. त्याच्या वरच्यांचंच काय खरं नाय."

गुणाबाईच्या हातातला वाल हातातच राहिला.

गुरुवारी बाईजाने नोकरी सोडली. सारिकाच्याच लाइनवर होती. जाताना म्हणाली, "आठवडाभर आदी बस आली असती गो, तर घरच्या मालकाला कसं तरी समजवला असता." सारिकाला त्या दिवशी जेवणाचा डबा उघडवला नाही.

पाचव्या मंगळवारी ती बाकावर बसलीच नाही. पॅसेजमध्ये फेऱ्या मारत राहिली, मग त्याच्यासमोर थांबली.

"थांब्याचं मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाय?"

"कारण..." त्याने तिच्याकडे बघितलं. "मलापण पुढची तारीख हवी होती."

तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. "आपल्या तारखेपायी बाईजाची नोकरी गेली, हरेश."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. हरेशचा फोनही वाजला. मॅनेजरने विचार बदलला होता. बस नाही म्हणजे नाही.

"मग मी समेट असफल झाल्याचा अहवाल पाठवतो," साहेब शांतपणे म्हणाले. पुढे कोर्ट, म्हणजे काही वर्षं.

दार उघडलं. दारात गळकी छत्री घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून गुणाबाई उभी होती. दोन एसट्या बदलून आली होती.

"आई?" सारिका ओरडलीच.

साहेबांची बावीस वर्षं नोकरी झाली होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आपण कोणत्या पक्षाकडून?"

"मुलीच्या," गुणाबाई म्हणाली.

साहेबांनी लिहिलं: पक्षकार क्र. २ तर्फे वाढीव प्रतिनिधी हजर.

"पोरगी घरात फोनवर बोलणी करते, तारखा घेते, आन आईला पत्ता नाय! मुलगा कोणता?"

हरेश उभा राहिला. त्याने बसून राहणं शहाणपणाचं झालं असतं.

"गाव?"

"आटगाव."

"करतो काय?"

"एचआर."

"म्हंजे?"

"बस बंद करतो," जयरामदादांनी खुलासा केला.

"तूच काय तो!" गुणाबाईने छत्री टेबलावर ठेवली, पाणी थेट फायलीवर गेलं. "आरं, सहाला नाक्यावं गाडी येते म्हणून मी पोरीला कामाला धाडली. आमच्याकडून एकच सांगणं. बस नाय, तर पोरगी नाय!"

"मागणी तीच आहे," साहेब फाईल पुसत म्हणाले.

सारिकाने तोंड ओढणीत लपवलं होतं. त्या ओल्या फायलीत वरच हरेशचं अधिकारपत्र होतं. ते वाळवायला म्हणून त्याने उचललं आणि पहिल्यांदाच वाचलं. कंपनीतर्फे समेट करण्याचा आणि सही करण्याचा पूर्ण अधिकार त्याला दिलेला होता. मॅनेजरने छापील नमुन्यावर न वाचता सही ठोकली होती.

"साहेब... हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही विचारलं नाहीत."

हरेशने निळं पेन काढलं. सारिका पटकन पुढे झाली. "नोकरी जाईल तुमची."

"थांबा धसई नाका," तो लिहिता लिहिता म्हणाला. "सोमवारपासून, सकाळी सहा. आणि बस बंद झाल्याने ज्यांनी काम सोडलं त्यांना परत घ्यायचं." त्याने सही केली. सही नेहमीपेक्षा बरी आली.

नोकरी गेली नाही. मॅनेजरने त्याहून कल्पक शिक्षा दिली: बस तू आणलीस, आता रोज तिच्यातून येऊन हजेरीही तूच घे.

सोमवारी सहाला धसई नाक्यावर बस उभी होती. आटगावहून साडेचारला मोटरसायकलने निघालेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला हरेश दारात उभा होता. बाईजा सगळ्यात आधी चढली. "काय रे एचआर, आंघोळ केलीस का रस्त्यानंच घातली?" मागून तेरा जणी खिदळल्या.

सारिका शेवटी चढली. पुढची सीट बायकांनी एकमताने रिकामी ठेवली होती.

"रोज इतक्या लांबून येणार?" तिने हळूच विचारलं.

"रोजची ड्युटी आहे." तो यादीकडे बघत राहिला. "पण... रविवारी आलो तर चालेल?"

"रविवारी बस नसते."

"म्हणूनच विचारतोय, सारिका."

ती खिडकीबाहेर बघू लागली. नाक्यावर गुणाबाई अजून उभी होती आणि आपण जणू भाजीच घ्यायला आलोय असं दाखवत होती. भाजीवाले अजून आले नव्हते.

"घरीच ये," सारिका म्हणाली. "बाहेर भेटलो तर अख्ख्या धसईला कळेल. घरी आलास तर निम्म्यालाच."

तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं, हे त्याच्या लक्षात यायला बस सुटावी लागली. आत वारा नव्हता. खिडकीची काच अडकली होती. ती सरकवायला दोघांनी एकदमच हात घातला. सरळगावपर्यंत ती उघडली नाही, आणि घाई कुणालाच नव्हती.