नाडी शंभराच्या वर

त्या मंगळवारी एल पासोत असा वारा सुटला होता की रस्त्यावरचा माणूस घरी पोचेपर्यंत अर्धं वाळवंट खाऊन बसत होता. मी रक्तातला प्लाझ्मा विकत घेणाऱ्या केंद्राच्या दारातून आत शिरले तेव्हा माझ्या दातांत वाळू, केसांत वाळू आणि डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यातून तपासणीच्या टेबलामागे बसलेला एक नवा माणूस अंधुक दिसला.

"डोळे चोळू नका," तो हळूच म्हणाला आणि त्याने ओला रुमाल पुढे केला.

मी डोळे पुसले. मग तो नीट दिसला, आणि तिथूनच माझ्या हालांना सुरुवात झाली. सावळा, शिडशिडीत, कान जरा जास्तच बाहेर आलेले. छातीवर नाव लावलेलं – रामिरो. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळताना त्याची बोटं इतकी जपून चालत होती, जणू मी काचेची आहे.

"हात सैल सोडा."

"सोडलाय की."

"याला सैल म्हणतात?"

"माझ्याकडे याहून सैल हात नाही. हवा असेल तर शेजारणीचा घ्या."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं... पण तेवढ्यात यंत्र वाजलं.

"एकशे बारा," तो म्हणाला.

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"सकाळपासून तर बरं होतं."

नाडी शंभराच्या वर गेली की सुई लावत नाहीत, हा नियम तिथल्या भिंतींनाही पाठ आहे. दहा मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं, तेव्हाही वर असली तर घरचा रस्ता. मी दहा मिनिटं बसले. समोर तोच बसला होता. एका म्हाताऱ्या काकांचं बोट टोचताना तो स्वतःच "आई गं" म्हणाला, ते मी पाहिलं. दुसऱ्यांदा एकशे नऊ आली. मग मी तणतणत पुन्हा वाऱ्यात बाहेर पडले.

आता माझा राग समजायचा तर माझा पोशाख समजला पाहिजे. मी नायेली कारास्को. पहाटे बेकरीत पाव भाजते आणि संध्याकाळी मुलींच्या मारियाची ताफ्यात, म्हणजे मेक्सिकन गाण्या-बजावण्याच्या ताफ्यात, ट्रम्पेट वाजवते. रविवारी शहराच्या मैदानात स्पर्धा होती आणि पहिल्यांदाच आमच्या ताफ्याला बोलावणं आलं होतं. मारियाचीचा पोशाख म्हणजे काळा आखूड कोट, पायघोळ काळा घागरा आणि कडेने खालपर्यंत चांदीची बटणं. तो अंगावर नसेल तर आमच्या मास्तरीणबाई कुणाला मंचाची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. "पोशाख अर्धा तर गाणं अर्धं," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. माझा पोशाख पुलापलीकडे, मेक्सिकोतल्या हुआरेसला, शिंप्याच्या खुंटीला तयार लटकत होता. बेकरीचा पगार घरात जिरतो, म्हणून महिनोन्महिने मी हात पुढे करून, पिवळाधमक प्लाझ्मा बाटलीत सोडून त्याचे पैसे फेडत आले होते. आता आणखी एकदाच द्यायचं बाकी होतं, आणि नेमकी तेव्हाच माझी नाडी फितूर झाली.

बुधवारी मी शहाणपणा केला, सकाळची कॉफी सोडली आणि बेर्ताच्या टेबलावर बसले. बेर्ता म्हणजे अगडबंब, प्रेमळ, सतत लिमलेटच्या गोळ्या चघळणारी बाई. तिच्याकडे बघून कुणाची नाडी चढल्याचं ऐकिवात नाही. यंत्र शांतपणे चाललं होतं. मी मनात जिंकलेच होते.

"बेर्ता, पेन आहे का गं?" मागून आवाज आला.

टीं टीं टीं! एकशे सहा.

बेर्ताने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग रामिरोकडे पाहिलं. "पेन घे आणि पळ इथून, मेल्या," ती त्याला म्हणाली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दहा मिनिटांनंतरही आकडा खाली आला नाही, कारण तो बिचारा पेन परत द्यायला आला.

सुया लावून आडव्या पडलेल्या मंडळींत खसखस पिकली. तिथे आठवड्यातून दोनदा तेच चेहरे येतात, कुणाचं काही लपत नाही. दोन्या कुका तर आमच्या सगळ्यांत जुन्या. त्या रक्त वाहतं राहावं म्हणून मूठ उघडत-मिटत सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "मिहा, पोरी माझे, कॉफी सोडून काही होणार नाही. तुला ताप नाही, तुला रामिरो झालाय!"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्याचे कान तर इतके लाल झाले की त्यावर माझे पाव भाजून निघाले असते.

शुक्रवार हा शेवटचा दिवस होता. शनिवारी दुपारी शिंपी दुकान बंद करून गावी जाणार होता. मी सकाळपासून पाण्याशिवाय कशाला शिवले नाही. वाटेत ट्रम्पेटसाठी घेते तसे लांब, खोल श्वास घेतले. दार उघडलं तर बेर्ता रजेवर. टेबलावर एकटा रामिरो.

"या," तो म्हणाला. "मी... मी तिकडे तोंड करून बसतो. चालेल?"

तो खरंच भिंतीकडे तोंड करून बसला. मला त्याची मान दिसत होती. मानेवर केस कापताना राहून गेलेली एक बट होती.

एकशे चार.

"दहा मिनिटं," तो भिंतीलाच म्हणाला. त्याचा आवाज माझ्याहून जास्त पडला होता. "नायेली, मला आकडा बदलता येत नाही हो. आला असता तर..."

"माहितेय. बदललात तर मीच तक्रार करीन."

मी दोन्या कुकांच्या बाकाशेजारी जाऊन बसले. मला रडू येत होतं. सगळ्या मुली मंचावर असतील आणि मी खाली गर्दीत उभी असेन, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"हे बघ," दोन्या कुका या वेळी अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला मी वर्षभर टाळलं, तर वर्षभर पित्त झालं. पोटात दाबलेलं कुठूनतरी बाहेर पडतंच. तुझं नाडीतून पडतंय. तोंडातून पाड ना."

"आणि तो हसला तर?"

"तर राग येईल, आणि निदान प्रेम तरी उतरेल. चल, ऊठ!"

मी उठले. खुर्चीत बसले. त्याने पट्टा गुंडाळला. बटण दाबायला बोट पुढे केलं, तशी मी म्हणाले, "थांबा. यंत्र चालू करायच्या आधी ऐका. मी धावत येत नाही. कॉफीही पीत नाही. तुम्ही समोर आलात की हे असं होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही मला आवडता. झालं. आता दाबा."

त्याने दाबलंच नाही. सगळी खोली मुठी मिटायची विसरली आणि चार यंत्रं एकदम कोकलायला लागली.

"दाबा ना!"

त्याने दाबलं. मी डोळे मिटले. आत कसं मोकळं मोकळं वाटत होतं, घरभर पसारा आवरून झाल्यावर वाटतं तसं.

"अठ्ठ्याऐंशी," तो पुटपुटला. मग मोठ्याने, "अठ्ठ्याऐंशी!"

टाळ्या पडल्या. दोन्या कुकांनी तर सुई लावलेला हात वर केला आणि परिचारिकेचा ओरडा खाल्ला.

पण रामिरोने मान खाली घातली. पट्टा सोडताना फक्त म्हणाला, "इथल्या माणसाला दात्याशी... तसं काही चालत नाही. नोकरी जाते."

"माझं आजचं शेवटचं आहे," मी म्हणाले. "रविवारी मैदानात वाजवतेय. यायचं तर या."

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, देव जाणे. यंत्राने प्लाझ्मा काढून उरलेलं रक्त परत अंगात सोडलं तेव्हा नेहमीसारखी थंडी वाजली, आणि त्या दिवशी मला ती जरा जास्तच वाजली.

शनिवारी पूल ओलांडला आणि पोशाख घेऊन आले. रविवारी मास्तरीणबाईंनी माझं एकेक बटण तपासलं आणि हुं म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

आमच्या गाण्यांत मध्ये एक जागा येते. वाद्यं दम घेतात आणि गर्दीतून कुणीतरी काळजापासून आरोळी ठोकायची असते. ती पडली नाही तर गाणं पोरकं वाटतं. आमची ती जागा आली. मैदान नवख्या मुलींकडे बघत गप्प बसलं होतं. मी ट्रम्पेट ओठांशी धरून वाट बघत होते.

"आय-आय-आय-याऽऽऽ हाय!"

सगळ्यांत मागच्या रांगेतून. लांबलचक, उंच, शेवटी हसत हसत फुटणारी आरोळी. लोक वळून बघायला लागले. मीही पाहिलं. जेमतेम कुजबुजणारा माझा रामिरो खुर्चीवर उभा होता, डोक्यावरची टोपी हातात, मान मागे टाकलेली, आणि कान बाहेर!

त्याने दुसरी ठोकली. मग तिसरी. मग सगळं मैदान त्याच्यामागून ओरडायला लागलं, आणि मी ट्रम्पेट अशी फुंकली की पहिल्या रांगेतली बाळं दचकून जागी झाली. पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. पण ते जाहीर झालं तेव्हा मी मंचावर नव्हते. मी पायघोळ घागरा दोन्ही हातांनी वर धरून खुर्च्यांमधून धावत होते.

"उत्तर द्यायला उशीर झाला..." तो खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "तू पण मला... पहिल्या दिवसापासून."

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

मग तो पुन्हा खुर्चीवर चढला.