आधी थोरल्यानं उठायचं

नाताळाच्या आठवड्यात किशिनाऊहून तोरिनोच्या विमानात जागा मिळायची तर नशीब लागतं. अर्धा गाव इटलीत राबतो आणि सगळ्यांना याच दिवसांत ये-जा करायची असते. औरिका हुशार, तिनं उन्हाळ्यातच चार तिकिटं काढून ठेवली होती. एक स्वतःचं, एक सात वर्षांच्या इलिंकाचं, दोन आईबाबांची. नवरा तिकडं बस चालवत होता, आणि या खेपेला सगळ्यांनी कायमचंच जायचं ठरलं होतं. नोव्हेंबरात बाबा गेले. चौथ्या तिकिटाचे पैसे काही परत मिळणार नव्हते, म्हणून ते रद्द करायचंही राहून गेलं.

बाबांना दोइना नावाच्या कबरस्तानात पुरलं. त्यांचा चाळीसावा दिवस नाताळानंतर येत होता. तोवर माणसाचा जीव घरातच घुटमळतो, चाळीसाव्याचं जेवण झालं की मगच त्याला निरोप मिळतो, असं सगळेच मानतात. औरिकानं ते जेवण आधीच उरकून घेतलं.

"विमान आपल्यासाठी थांबत नाही, आई," ती म्हणाली होती.

आईनं मेणबत्त्या लावल्या, गव्हाचा गोड प्रसाद वाटला आणि स्वतः मात्र घासही घेतला नाही. औरिकानं मनावर घेतलं नाही. ती लिफ्टच्या तपासणीचं काम करायची. तार, ब्रेक, वजन, जे मोजता येतं तेवढ्यावर तिचा भरवसा.

निघायच्या दिवशी सकाळपासून बाहेर धुकं होतं. सातव्या मजल्यावरून खालचा रस्ताही दिसत नव्हता. विमान दुपारचं. औरिका वजनाचा काटा हातात घेऊन एकेक बॅग उचलून बघत होती, आणि आईची बॅग काही केल्या वजनात बसत नव्हती. मिरच्यांच्या बरण्या, अक्रोड, चीजचा गोळा.

"आई, तोरिनोत लोणची मिळतात."

"मिळत असतील. घशाखाली उतरतात का?"

अक्रोड काढताना खाली टॉवेलची गुंडाळी हाताला लागली. आत बाबांचा दाढीचा ब्रश. त्याचे केस ओले होते.

"हे कशाला घेतलंस?"

"मी नाही घेतलं."

"मग काय चालत आला बॅगेत?"

"मला काय विचारतेस? ज्याचं आहे त्याला विचार," आई म्हणाली आणि डोक्यावरच्या रुमालाची गाठ नीट करत बसली.

औरिकानं ब्रश कचऱ्यात टाकला. म्हातारीनं हळूच भरला असणार, आता कबूल करत नाही, तिनं मनाशी म्हटलं. तरी बोटं तिनं दोनदा कोटाला पुसली.

बॅगा दाराशी गेल्या. फ्रीज बंद झाला, तसं घर एकदम गप्प झालं. आता बसायचं तेवढं राहिलं. प्रवासाला निघताना सगळ्यांनी कोट घालून घटकाभर न बोलता बसायचं, आणि आधी थोरल्यानं उठायचं. तो उठल्याशिवाय कुणी हलायचं नाही. इतकी वर्षं बाबाच उठायचे, गुडघ्यावर थाप मारून.

इलिंकानं स्टुलं मांडली. चार.

"एक जास्त झालं गं, सोन्या."

"नाही झालं," इलिंका म्हणाली, आणि चौथ्याच्या शेजारी जाऊन बसली.

औरिकाला राग आला, पण वाद घालायला वेळ नव्हता. तिघी बसल्या. खिडकीच्या काचेवरून पाण्याचा ओघळ खाली आला. आई समोर बघत होती. उठायचं नावच नाही.

"आई, ऊठ ना. टॅक्सी आली असेल."

"मी कशी उठू? थोरली मी नाही."

"आता तूच थोरली."

"चाळीसावा झाला का?"

औरिकाच्या खिशात फोन थरथरला. टॅक्सी खाली उभी होती. हे विमान चुकलं तर नववर्षापर्यंत जागा नव्हती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती रिकाम्या स्टुलाकडं वळली आणि ओरडली, "बाबा, उठा बघू एकदाचे! पोरीचं विमान चुकेल!"

गुडघ्यावर थाप पडली.

स्टूल करकरलं.

मग इलिंका उठली. तिचा उजवा हात जरासा वर होता, मोठ्या माणसानं धरल्यासारखा.

"इलिंका, बस खाली. आधी आजीची पाळी."

इलिंकानं मागं वळून पाहिलंही नाही. दार उघडंच होतं. औरिका उठायला गेली तशी आईनं तिची बाही घट्ट धरली. "मी उठल्याशिवाय तू उठू नकोस," म्हातारी म्हणाली, "आणि मला उठवत नाहीये गं."

बाहेर लिफ्टचं दार लागलं.

लिफ्ट सुटली तो आवाज औरिकानं ऐकला. एकट्या लहान मुलीला घेऊन लिफ्ट अशी सुटत नाही. आत मोठं माणूस होतं.

बाही फाटली. ती जिन्यानं धावली. माझी पोर, माझी एकुलती एक पोर, एवढंच तिच्या मनात होतं. पायऱ्या दिसत नव्हत्या, कठडा बर्फासारखा गार होता.

धुक्यात टॅक्सीचे दिवे दिसले. गाडी चालू होती. इलिंका मागच्या सीटवर, खिडकीशी अंग चोरून बसली होती.

"थांबा!"

टॅक्सीवाल्यानं काच खाली केली. "अहो, तुम्ही कशाला धावत आलात? दोइना कबरस्तानाच्या फाटकाशीच सोडायचंय ना या दोघांना? आजोबा म्हणाले, बाकीची मंडळी विमानानं जातील."

औरिकानं मागचं दार उघडलं आणि लेकीला दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढलं.

डावा हात लगेच आला.

उजवा येईना.