रोही का पडली?

"रोही बघायला तिकीट काढायचं? अन् ते कशापायी? आपल्या रानात तर ती फुकटात येती, अन् वरून हरभरा खाऊन जाती!"

मच्छिंद्रचं हे बोलणं ऐकून फाटकावरचा शिपाईसुद्धा खो खो हसला. त्याची बहीण झुंबर मात्र लाजून चूर झाली. "हळू बोल की रे! समदी बघून राह्यली आपल्याकडं!"

मच्छिंद्र तेरा वर्षांचा, झुंबर अकराची. घनसावंगीच्या पुंजाराम पाटलाची ही दोन पोरं. त्या काळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैद्राबाद म्हणजे राजधानी! उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आईबापांबरोबर ही दोघं जालन्याला आगगाडीत बसली. धूर खात, कोळशाचे कण डोळ्यांतून काढत एकदाची राजधानीत पोचली. तिथं याकूबचाचा होता ना! पुंजाराम आणि याकूब वडीगोद्रीच्या एकाच आळीत वाढलेले. पुंजाराम पुढं शेतीपायी घनसावंगीला गेला. याकूबचं घराणं रंगाऱ्यांचं, त्याच्या हाताला कधी ढेकूळ लागलं नाही. तो पोटासाठी हैद्राबादेत आला आणि मोरबागेत हरणांचा राखणदार झाला.

मोरबाग म्हणजे साधीसुधी बाग नव्हे! कुणा नवाबानं शंभर वर्षांपूर्वी लावलेली. तिच्यात वाघ होता, अस्वल होतं, शिंगं मिरवणारी चितळं होती आणि आपली रोहीही होती. रोही म्हणजे नीलगाय. बागेच्या मागच्या अंगाला याकूबचाचाचं दोन खोल्यांचं सरकारी घर होतं. त्याची बारा वर्षांची मैमूना सकाळपासून या दोघांना सगळं फिरवून दाखवत होती.

"वाघ बघून घाबरला ना मच्छिंद्र?" मैमूनानं चिडवलं.

"हॅट्! म्या तर त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं!"

"हौ, पण माझ्या पाठीमागून!"

दुपार झाली तशी झुंबरच्या आईनं, चतुराबाईनं चिंचेखाली भाकरी सोडली. समोरच रोहीचा वाडा होता. तेवढ्यात ठेकेदाराची गाडी आली, गड्यानं हिरव्या चाऱ्याची कुट्टी गव्हाणीत ओतली आणि गाडी निघून गेली. झुंबरनं हातात भाकरी घेतली, पण तोंडात घातली नाही. तिच्या घरची रीतच तशी. आधी गोठ्यातल्या जनावराला घास, मग माणसाला. इथं गोठा कुठला? मग तिनं उठून कुंपणातून एक चतकोर आत धरला. रोहीनं हुंगला, ओठांनी ओढून घेतला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. कुंपणावर उर्दूत पाटी होती, 'जनावरांना काही खाऊ घालू नये.' पण झुंबरला उर्दू कुठं वाचता येत होतं!

जेवण उरकेपर्यंत पाव तास झाला असेल. एकदम मैमूना ओरडली, "अब्बा! रोही गिरी!"

रोही आडवी पडली होती! चारी पाय थरथरत होते, तोंडाला फेस आला होता, ती भात्यासारखी धापा टाकत होती. याकूबचाचा धावला. मागून दरोगासाहेब धावले. बागेची सगळी देखरेख त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता, पण डोकं तापलं की कुणाचं ऐकायचा नाही.

"किसने क्या खिलाया इसको?"

 झुंबर एक पाऊल पुढं आली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "म्या... म्या भाकर दिली," ती म्हणाली.

झालं! दरोगासाहेबांचा पारा चढला. "याकूब! तुमचे मेहमान आणि तुम्ही बघत बसले? सोमवारी चितळ मेलं, ते म्हातारं होतं म्हणून मी लिहून दिलं. आता ही! शाम को बडे साहेब येतायत. जनावर मेलं तर तुमची नोकरी गेली बराबर समजा, आणि घरही खाली करा!"

याकूबचाचाचा चेहरा पांढराफटक पडला. पुंजारामनं पोरीकडं असं बघितलं, की तिला वाटलं धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. "तुला कुणी सांगितल्तं शहाणपण करायला?" तो गरजला. "दोस्ताच्या भाकरीत माती कालवलीस!"

झुंबरचे डोळे भरून आले. माझ्या भाकरीनं रोही मरणार? चाचा रस्त्यावर येणार? ती कुंपणाला धरून उभी राहिली. रडता रडता रोहीकडं बघत राहिली आणि बघता बघता तिचं रडणं थांबलं. तो थरथराट, तो फेस, मागं टाकलेली ती मान! हे तिनं आधी बघितलं होतं. गेल्या साली शेजारच्या साळूबाईची गाय अश्शीच पडली होती!

"बा! हिला किराळ लागली!"

किराळ काय ते तुम्हाला ठाऊक नसेल, पण घनसावंगीचं शेंबडं पोरही सांगेल. ज्वारी काढून झाली की रानात धसकटं उरतात. त्यांच्यावर अवकाळी सर पडली की हिरवेगार फुटवे येतात. दिसायला लुसलुशीत, पण जनावरानं खाल्ले की विष! वाळून त्यांचा कडबा झाला की काही भीती नाही, पण ओले कोवळे फुटवे म्हणजे जनावराचा काळच.

"येड लागलं का तुला? हितं कुठली ज्वारी?" पुंजाराम म्हणाला. पण त्यानं एकदा रोहीकडं निरखून बघितलं आणि बाह्या सरसावल्या. "बरं, किराळीला उतारा गूळपाण्याचा, त्यो दिऊन काय बिघडत न्हाई. मैमूना, गूळ आण! जल्दी!"

मैमूना वाऱ्यासारखी घराकडं पळाली. गूळ पाण्यात कालवून पुंजारामनं बांबूच्या नळकांड्यानं रोहीच्या घशात ओतायला सुरुवात केली. याकूबचाचानं तिची मान मांडीवर घेतली. चतुराबाई हात जोडून देवाचं नाव घेत होती.

इकडं मच्छिंद्रनं गव्हाणीत दोन्ही हात घातले. "झुंबरे, हे बघ! पानाच्या मधोमध पांढरी शीर! अन् ही कांडी! गवताला अशी कांडी असती व्हय?"

"ज्वारीच! गवतात मिसळून बारीक तोडली, म्हंजी वळखू यायला नको!"

"चव बघू का?"

"बघ, मंग तुला बी नळकांड्यानं गूळ पाजते!" झुंबरनं त्याच्या हातावर फटका मारला.

पण दरोगासाहेब मानेनात. भात खाणारा शहरी माणूस, त्यांना ज्वारीचं पान काय, गवताचं पातं काय, सारखंच. "गवतच आहे हे! पोरांनो, बहाणे करू नका!"

"पुरावा पायजे," झुंबर पुटपुटली. "ठेकेदार कोण हाय, मैमूना?"

"धर्मराज ठेकेदार! मागच्या दरवाजानं त्याची गाडी येते."

"नाव धर्मराज, अन् करणी यमाची!" मच्छिंद्र म्हणाला आणि तिघं मागच्या दरवाजातून सटकली.

वाटेवर गाडीतून सांडलेली कुट्टी पडली होती. तिच्या मागानं चालत गेलं, की भिंतीपलीकडं एक रान. आणि रानात काय, तर ज्वारीची धसकटं! त्यांवर वीतभर हिरवे फुटवे! निम्मं रान ताजं कापलेलं, शेजारी कडबा तोडायचा अडकित्ता आणि कडेच्या घराच्या अंगणात खुंट्याला बांधलेली काळीभोर, तुकतुकीत म्हैस.

झुंबर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय बघून राह्यलीस?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दावं बघ. किती आखूड! समोर हिरवं रान, अन् म्हशीम्होरं कोरडा पेंढा. जाणूनबुजून लांब ठेवली तिला. म्हंजी ह्याला समदं ठावं हाय!" तिनं मैमूनाचा हात धरला. "दरोगासाहेबाला आण. ठेकेदारानं बलावलंय म्हण!"

"झूठ बोलू?"

"आत्ता त्यो येईल अन् बलावील, मंग खरंच व्हईल की!"

मैमूना खुदकन हसली आणि पळाली. थोड्याच वेळात दरोगासाहेब घाम पुसत आले. इतक्यात धर्मराज ठेकेदारही धोतर सावरत घरातून बाहेर आला. दरोगासाहेबांना बघून तो जरा दचकला, पण तोंडभर हसला.

"या, या साहेब! चाऱ्याची काही तक्रार? बिलकुल नको चिंता! कोवळा, लुसलुशीत माल असतो आपला. राजाच्या घोड्यालाही मिळणार नाही असा!"

"इतका चांगला?" झुंबरनं भोळा चेहरा केला. "मंग काका, तुमची म्हैस बिचारी कोरडा पेंढाच चघळती की! थांबा, तिला बी घालते थोडा!"

आणि कुणाला कळायच्या आत तिनं फुटव्यांचा भारा कवेत घेतला आणि म्हशीकडं पळत सुटली!

"अगं ए! थांब! नको!" धर्मराज किंचाळला. धोतर पायात अडकलं, तो धाडकन पडला, पडल्या पडल्या ओरडला, "घालू नको! गाभण आहे ती! मरंल!"

झुंबर थांबली. दरोगासाहेब सावकाश त्याच्याजवळ गेले.

"मरेगी?" ते म्हणाले. "और हमारी रोही नहीं मरेगी?"

 मग धर्मराजच्या तोंडून सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात गवत कमी पडलं, ठेका तर पुरा करायचा होता. बारीक तोडून थोडं थोडं मिसळलं तर काय होतंय, असं त्याला वाटलं होतं. सोमवारचं चितळही यानंच गेलं होतं!

"चला जल्दी! बाकीच्या गव्हाणी!" दरोगासाहेब पळत सुटले आणि पोरांनी त्यांनाही मागं टाकलं. तिघांनी मिळून एकेका गव्हाणीतली कुट्टी उपसून बाहेर फेकली.

रोहीच्या वाड्याशी झुंबर सगळ्यांच्या आधी पोचली. आतून आवाज नव्हता. ती भीत भीत डोकावली. रोही अजून बसलेलीच होती, पण मान वर होती! धाप कमी झाली होती. पुंजाराम घामानं निथळत होता, याकूबचाचाची सगळी पैरण गुळानं चिकट झाली होती.

ऊन उतरता उतरता रोही उभी राहिली. पाय लटपटत होते, पण उभी राहिली! "या अल्ला!" म्हणत याकूबचाचानं पुंजारामला मिठीच मारली. बडे साहेब आले तेव्हा दरोगासाहेबांनी काही लपवलं नाही. "चूक माझी, साहेब. न बघता चारा घेतला आणि न विचारता याकूबला बोललो. जनावर या बच्चीनं वाचवलं."

बडे साहेबांनी धर्मराजचा ठेका तिथंच तोडला. तिघांच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "आमच्या बागेत एवढी माणसं आहेत, पण जनावराकडं बघावं कसं, ते तुम्ही शिकवलं!"

"माझं घर राखलंस, बेटी," याकूबचाचा म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

झुंबर मात्र कुंपण सोडायला तयार नव्हती. मैमूनानं हात ओढला, "चल ना! अब तो ठीक है!"

"रवंथ केल्याबिगर जनावर बरं झालं म्हणू न्हाई," ती म्हणाली.

पुंजाराम तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.  मग हळूच म्हणाला, "झुंबरे, म्या बी तुझ्यावरच आळ घेतला. चुकलं माझं, पोरी."

दुपारपासून आवरून धरलेलं झुंबरचं रडू आता मोकळं झालं. बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली.

"रड की, पर हिकडं बी बघ," पुंजाराम म्हणाला.

तिनं डोळे पुसून बघितलं. रोही भिंतीच्या सावलीत जाऊन बसली होती आणि डोळे अर्धे मिटून सावकाश रवंथ करत होती.