माणशी एक टकटक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सरळ पुढची कथा वाचा. मला कुणाला पटवून द्यायचं नाहीये. हे माझ्या घरात घडलंय आणि अजून संपलेलं नाही, म्हणून सांगतेय.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर "श्वास रोखा... सोडा" म्हणायचं आणि माणसाच्या आत काय आहे ते बघायचं. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते.

फक्त डोंगरावरच्या त्या गाडीचा विषय निघाला, तर मला उठताही येत नाही.

मी तेव्हा शाळेत होते. थंडीच्या सुट्टीतली दुपार. फिरायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली वाफेच्या इंजिनाची ती छोटी गाडी, आणि तिची त्या दिवसाची शेवटची फेरी. आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि धाकटी.

धाकटीला दमा होता. तिचा फवारा मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग बाबांनी खाली स्टेशनवर ठेवायला दिलेली. आईला हे डब्यात चढल्यावर कळलं.

"तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का हो?" ती म्हणाली. "पोरीला काही झालं तर काय, तिकीट हुंगवू?"

आईच्या नाकावर कायम राग. बाबा हसले. "अगं, तासाभरात परत येतोय. उगीच कशाला जीव टांगणीला लावतेस?"

डबे जुन्या पद्धतीचे होते. प्रत्येक कप्पा स्वतंत्र, आतून दुसरीकडे जायला वाट नाही. एकच दार, आणि त्याची किल्ली गार्डकडे.

वाटेत मोठा बोगदा होता. त्याआधी गाडी थांबायची. धूर आत येऊ नये म्हणून लाकडी खिडक्या वर ओढायच्या, आणि अंधारात कुणी पोरानं दार उघडू नये म्हणून गार्ड बाहेरून कुलूप लावायचा. मग गाडी बोगद्यात मुंगीच्या पावलांनी चढायची आणि गार्ड बाहेरच्या फळीवरून कंदील घेऊन प्रत्येक कप्प्यापाशी यायचा.

"माणशी एक टकटक," त्यानं आम्हाला समजावलं. "दारावर, एकामागून एक. मी बाहेरून मोजणार. मोजणी जुळली की पुढे. नाही जुळली तर गाडी उभी."

"का हो गार्डकाका?" मी विचारलं.

"एकदा न जुळता बाहेर काढली होती," तो म्हणाला. आणि किल्ली फिरवली.

आम्हा पोरींना मज्जाच वाटली. शेजारच्या कप्प्यातून हसण्याचे आवाज येत होते.

मग अंधार झाला.

असा अंधार मी पुन्हा कधी पाहिला नाही. मांडीवरचा स्वतःचा हात दिसेना. इंजिनाची धाप तेवढी ऐकू येत होती. पलीकडे टकटक झाली, कुणीतरी खिदळलं. मग फळीवर पावलं वाजली आणि आमच्या दारापाशी थांबली.

"वाजवा," गार्ड म्हणाला.

बाबांनी वाजवलं. मग मी. मग धाकटीनं. मग आईनं.

आणि मग...

टक.

बाहेरची पावलं पुढे गेली नाहीत.

"किती जण आहात?" गार्डनं विचारलं.

"चार," बाबा म्हणाले.

"पुन्हा वाजवा."

"गंमत पुरे हं," बाबा माझ्यावर डाफरले. मी रडवेली झाले, कारण मी काहीच केलं नव्हतं. या वेळी बाबांनी प्रत्येकाला आधी 'मी' म्हणायला लावलं.

"मी." टक. बाबा.

"मी." टक. मी.

"मी." टक. धाकटी.

"मी." टक. आई.

आम्ही सगळे श्वास रोखून बसलो...

टक.

आवाज दाराच्या आतल्या बाजूनं आला होता. खालून, जिथे आमचे पाय होते तिथून.

बाहेर गार्डनं शिट्टी फुंकली. गाडी गचका देऊन थांबली.

मी पाय वर घेतले. समोरच्या बाकावर बाबा होते, इकडे आम्ही तिघी. मध्ये कुणी उभं राहील एवढीसुद्धा जागा नव्हती.

गाडी उभी राहिली तसा धूर बोगद्यात कोंडला. खिडकीच्या फटीतून आत येऊ लागला. डोळे चुरचुरायला लागले. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. धाकटीच्या छातीतली शिट्टी.

"अहो, दार उघडा," बाबा ओरडले. "मुलीला दमा आहे."

"मोजणी जुळू दे साहेब."

"खड्ड्यात गेली तुमची मोजणी. पोर गुदमरतेय इथे."

"मला नाही उघडता येणार," गार्ड म्हणाला. "उघडलं तर जास्तीचं पण उतरेल. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. चारच वाजू द्या."

बाबांनी दाराला लाथा घातल्या. खिडकी खाली ओढायला गेले, ती जाम. धाकटी माझ्या अंगावर रेलली होती. तिचा श्वास आता तुटत तुटत येत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी तिची पाठ चोळत राहिले. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पुन्हा वाजवलं. पुन्हा पाच.

मग आई बोलली. अगदी हळू, बाहेर जाऊ नये इतक्या हळू.

"आता मी वाजवणार नाही. तुम्ही तिघं वाजवा."

"अगं पण..." बाबा म्हणाले.

"तिचा श्वास ऐका आधी. वाजवा म्हणते ना."

मी आईचा हात धरला. घट्ट. ती नेहमी म्हणायची, नखं लागतात गं तुझी. तेव्हा काहीच म्हणाली नाही.

बाबांनी वाजवलं. मी वाजवलं. मी धाकटीची मूठ धरून दारावर आपटली, कारण तिच्यात ताकदच उरली नव्हती.

आई गप्प बसली.

आणि मग...

टक.

"चार," गार्ड म्हणाला. "बरोबर."

गाडी हलली. त्या हिसक्यात आईचा हात माझ्या हातातून सुटला. मी चाचपडले. बाकावर काहीच नव्हतं. मी 'आई' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हात परत आला. आधी मी तिचा हात धरला होता. आता तिनं माझा धरला होता.

मग एकदम उजेड. कुलूप उघडलं, बाबांनी धाकटीला उचलून बाहेर उडी मारली. मोकळ्या हवेत ती खोकली, ओकली, आणि हळूहळू तिच्या ओठांचा रंग परत आला. बाबा रडत होते. मीही रडत होते.

आई शेवटी उतरली. गार्डनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"सगळे उतरलात ना?" त्यानं विचारलं.

"हो, चौघंही," बाबा म्हणाले.

त्यानं रिकाम्या कप्प्याचं दार ओढून लावलं. मग पुन्हा किल्ली फिरवली.

मला वाटलं, आता स्टेशनवर बाबांची काही धडगत नाही. त्या बॅगेवरून आई त्यांना महिनाभर सोलून काढणार. मी वाटच बघत होते. आई फक्त म्हणाली, "असू दे. होतं असं."

त्या दिवसापासून आई कधीच चिडली नाही. कधीच. दूध उतू गेलं, कप फुटले, मी नापास झाले, तरी नाही. माझ्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. मला मात्र रात्री उशीत तोंड खुपसून वाटायचं, एकदा तरी ओरड गं माझ्यावर.

बाबा तिच्याशी अदबीनं बोलायला लागले. पाहुण्याशी बोलतात तसं. शेवटपर्यंत तसंच बोलत राहिले. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तिनं तुम्हाला काही कमी केलंय का?"

नाही केलं. खोटं कशाला बोलू. आमची आजारपणं तिनं काढली, माझी बाळंतपणं तिनं केली. माझी पोरं तिच्यावर जीव टाकतात. मीही टाकते.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मागच्या महिन्यात तिला खोकला झाला. छातीचा फोटो मीच काढला. सगळं जागच्या जागी होतं. तो फोटो मी किती वेळ उजेडावर धरून बसले होते, कुणास ठाऊक.

घरी येऊन मी तिच्या पलंगावर बसले. तिचे केस विंचरता विंचरता, इतक्या वर्षांनी, विचारलंच.

"आई, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली? न वाजवता बसायची?"

ती माझ्याकडे वळली. मग मायेनं माझा हात हातात घेतला, तस्सा, घट्ट...

"मी वाजवलं होतं गं," ती म्हणाली. "न वाजवता बसली ती तुझी आई."

मी तिचे केस विंचरत राहिले. दुसरं काय करणार होते? रात्री तिला औषध दिलं, पांघरूण घातलं. ती शांत झोपली.

मला झोप येत नाही. डोळे मिटले की तो कप्पा दिसतो. बंद दार, अंधार आणि बाकावर एकटी बसलेली माझी चिडकी आई. तिला आपण गप्प बसल्याचं वाईट वाटत असेल का? की आम्ही मागे वळून पाहिलं नाही, त्याचं?

धाकटीला मी हे सांगितलेलं नाही. ती अजून सारखी म्हणते, त्या दिवशी आईनं मला वाचवलं. तिला कळलं, तर ती उद्याच्या उद्या तिकीट काढून त्या कप्प्यात जाऊन बसेल, आणि गार्ड आला की गप्प राहील.

गाडी अजून चालू आहे.