काचेच्या किचनसमोरचं टेबल

"हे तुम्ही लिहिलंय?"

मी मान वर केली. दारात एक उंच मुलगा उभा होता. छत्रीवरचं सगळं पाणी आमच्या लादीवर गळत होतं आणि हातातला मोबाइल थेट माझ्या तोंडासमोर धरलेला.

"आधी छत्री बाहेर ठेवा," मी म्हटलं. "मग भांडा."

उल्हासनगर कॅम्प पाचला भूपेशभाईंचं ट्रॅव्हल ऑफिस आहे, तिथे मी काम करते. महाबळेश्वरातलं कुठलं महागडं रेस्टॉरंट चांगलं, कुठलं नाही, हे वेबसाइटवर लिहायचं. महाबळेश्वर मी पाहिलेलं नव्हतं, पण ते गिऱ्हाइकांना कशाला सांगायचं?

"दरीवरच्या रेस्टॉरंटला साडेचार स्टार आणि तळ्याजवळच्याला तीन? काय बकवास आहे! जेवलात कधी तिथे?"

"तुम्ही जेवलात?"

"मी बनवायचो. दोन्हीकडे."

तो उन्मेष. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचा. त्यानंतर तो येतच राहिला... माझ्या चुका सुधारायला म्हणे! दरीवरच्याकडे झुंबरं आहेत, पण सकाळचं सूप रात्रीपर्यंत गरम करून वाढतात. तळ्याजवळच्याकडे खुर्च्या टोचतात, पण मासा तव्यावरून थेट ताटात. तो सांगायचा, मी टाइप करायचे आणि मधेच त्याच्याकडे बघत राहायचे.

"राजसी मॅडम, टायपिंग थांबलं."

"बोटं दुखतात."

"डोळे नाही दुखत?"

अगाऊ कुठला! पण दुसऱ्या दिवशी मी नवीन कानातली घालून गेले, हेही खरं.

एका दुपारी मी खालून चहा घेऊन आले तर ऑफिसभर रबर जळल्याचा घाण वास. उन्मेषच्या खुर्चीमागचा विजेचा बोर्ड धुमसत होता आणि हा निवांत मोबाइल बघत बसलेला. मी मेन स्विच पाडला आणि ओरडले, "वास येत नाही का तुम्हाला?"

त्याने वळून धुमसत्या बोर्डाकडे बघितलं.

"नाही येत," तो म्हणाला.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत गॅस सुटला, तेव्हा तो सुट्टीवर घरी आलेला. वडील तिथेच कामाला, म्हणून धावत आत गेला. वडील वाचले. याचं नाक कायमचं गेलं. खारट, गोड, तिखट तेवढं जिभेला कळत होतं. आता महाबळेश्वरहून दोन्हीकडून बोलावणं होतं. एकदा मालकांसमोर करून दाखवायचं की काम पक्कं. नाकाचं त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मला दुसरं काही येत नाही गं," तो म्हणाला. "किचन गेलं तर मी संपलो. तू चल ना... माझं नाक हो."

पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं होतं. मी नाही कशी म्हणणार?

महाबळेश्वरला जाऊन दोन्ही रेस्टॉरंटं मी डोळ्यांनी पाहिली. दरीवरच्याचं किचन तळघरात. तळ्याजवळच्याचं काचेच्या भिंतीमागे. टेबलावरून आतला माणूस दिसतो, म्हणजे लांबून खुणा करता येणार. मी तिथल्या तिथे त्याला पाच स्टार देऊन टाकले. मग खुणा ठरल्या. मी गिऱ्हाईक म्हणून काचेसमोर बसायचं, पहिली प्लेट माझ्याकडे येणार. लसूण करपला तर मी कानातलं चाचपायचं, मसाला कच्चा राहिला तर ओढणी सारखी करायची, आणि सगळं ठीक असेल तर हसायचं.

"आणि तुला बघून उगाचच हसू आलं तर?"

"तर माझी वाट लागली," तो म्हणाला.

बाहेर धुकं होतं. आत तो, पांढऱ्या टोपीत. सूप आलं. मी हसले, काचेपलीकडे तोही हसला... आणि मला सरळ कळलं, या माणसावर माझं प्रेम आहे. मालक शाकाहारी होते. त्यांनी सूप चाखलं आणि बसल्या जागेवरूनच अंगठा दाखवला.

मग कोळंबी आली. मी पहिला घास घेतला आणि चावायची थांबले. कोळंबी खराब होती. लसणाखाली वास झाकला गेला होता, पण तोंडात गेल्यावर लपेना.

त्यासाठी आमची खूणच ठरली नव्हती.

तो भुवया उंचावून माझ्याकडे बघत होता. वेटर तशाच प्लेटा घेऊन शेजारच्या टेबलाकडे निघाला. तिथे एक म्हातारं जोडपं होतं. मी नुसती हसले असते तर उन्मेषचं काम झालं असतं.

मी उठले. "ते देऊ नका! कोळंबी नासलीय!"

मालक किचनमध्ये गेले. आतलं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. त्यांनी एक कोळंबी उन्मेषच्या नाकाखाली धरली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढून ओट्यावर ठेवली.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. आम्ही विठ्ठलवाडी डेपोत उतरलो.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," शेवटी मीच म्हटलं.

"मग गप्प बसायचं होतंस."

"ते दोघं आजारी पडले असते, उन्मेष."

"माहितीये." तो बाकावर बसला. "म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही."

मी शेजारी बसले. तो म्हणाला, "आईची आमटी, वडिलांची बिडी... सगळे जुने वास आठवतात मला. तू नंतर भेटलीस. तुझ्या केसांना कसला वास येतो, ते मला कधीच कळणार नाही."

"खोबरेलाचा," मी म्हटलं. "आज घामाचा पण. आणि एसटीच्या डिझेलचा. काही फार छान नाहीये."

त्याचे डोळे भरून आले. त्याने माझा हात घट्ट धरला.

"अजून?" तो म्हणाला.

मी सांगत राहिले.