दोन ओळंबे

जव्हारहून दाभोशाला निघालेल्या जीपच्या मागच्या बाकांवर आम्ही अकराजण कोंबलेले. वळण आलं आणि मी थेट समोरच्या मुलाच्या अंगावर!

"सॉरी... जीपने ढकललं," मी म्हणाले.

"जीपने? का कोणी ओढलं?" तो हसला.

असा राग आला! पण प्रश्न नेमका माझ्या विषयातला. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, गप्प कशी बसणार?

"बंद लिफ्टमध्ये उभं राहिलं, तर पृथ्वी खाली ओढतेय की लिफ्ट वेग वाढवत वर पळतेय, हे आतल्याला कळत नाही."

"मला शिकवता? मी ठाण्यात लिफ्टच बसवतो. वर निघाली की पाय जड होतात." नवसू त्याचं नाव. भाताच्या आवणीपुरता, रोपं लावायला, घरी आला होता. "मग ओळखायचं कसं?"

"दोन ओळंबे लांब लांब सोडायचे. ओढ खरी असेल तर खाली ते केसभर जवळ येतात, कारण दोघांचा रोख पृथ्वीच्या पोटाकडे. नुसता वेग वाढत असेल तर समांतरच राहतात."

"आणि पृथ्वीपासून लांब ढकलणारं काही?"

"प्रतिगुरुत्वाकर्षण? नुसते अंदाज आहेत. सापडलं नाही अजून."

"नकोच सापडायला. आमचा धंदा बसेल!"

पुढचे पंधरा दिवस माझं कॉलेज सुटायच्या वेळी तो जव्हारला येऊन जीपमध्ये माझी जागा धरून ठेवायचा. मग एकदा उतरताना, पापण्यांवरून पावसाचं पाणी निथळत असताना म्हणाला, "जयवंती... मला तर खरी ओढच वाटते. तुला?"

"मलापण," मी म्हणाले. "तू आईला पाठव घरी. बाबांशी मी बोलते."

बोलते, असं मी म्हणाले होते. मी!

बाबा शाळेत गुरुजी, आमची शेती. नवसूच्या घरी वीतभर जमीन नाही. त्याची आई, धोंडीबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरांत राबलेली. आमच्याही.

रविवारी सकाळी ती आली. नवं लुगडं, चापूनचोपून तेल लावलेले केस. अंगणातच उभी राहिली. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

"बरं झालं आलीस धोंडीबाई. बाया कमी पडल्यात. जा, वरच्या खाचरात लाग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं... माझी दातखीळ बसली.

"जी, गुरुजी," म्हणून तिने नवं लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. संध्याकाळपर्यंत वाकून रोपं लावत होती.

दुसऱ्या दिवशी नवसू जीपपाशी बॅग घेऊन उभा.

"तू दारातच होतीस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"नाही रे..."

तो चिडलासुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! बॅग टपावर टाकून ड्रायव्हरशेजारी बसला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी सगळ्यांदेखत ओरडले, कोणाला काही उपयोग नसताना. जीप निघून गेली.

तिसऱ्या दिवशी धोंडीबाई पुन्हा आमच्या खाचरात. मी चहा घेऊन बांधावर गेले.

"काकी... रविवारी तुम्ही मला मागायला आला होतात ना?"

तिने मान वर केली नाही. "नाय गं बाय. मी आवणीलाच आलेली," ती म्हणाली. "ती रोपांची मूठ दे इकडं."

मी दिली.